मुंगीच्या नांवाचें अम्ल

चिकोरी नांवाचें एक रानटी झाड युरोपांत रस्त्याच्या कडेला उगवतें. त्याचीं निळीं फुलें मुंग्यांच्या वारुळावर टाकलीं तर थोड्याच वेळांत तीं रक्तासारखीं तांबडीं होतात, असें सोळाव्या शतकांतल्या जर्मन वनस्पतिवेत्त्यांनीं लिहून ठेवलें आहे. हिएरोनिमुस बॉक हा त्यांपैकीं एक. या मंडळींना ही निसर्गाची एक गंमत वाटली आणि गंमत म्हणूनच ती एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत उतरत गेली. रंग कां पालटतो, हें विचारण्याची वेळ अद्याप आली नव्हती. ती आली ती शंभर वर्षांनीं. १६६४ सालीं रॉबर्ट बॉईल यानें रंगांवरील आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्यांत दाखविलें कीं, व्हायोलेटच्या फुलांचा निळा अर्क अम्ल मिळतांच तांबडा होतो आणि अल्कली मिळतांच हिरवा होतो. ज्यानें बॉईल वाचला होता त्याला वारुळावरच्या तांबड्या फुलाचा अर्थ आतां सरळ लागण्यासारखा होता: मुंगीच्या पोटांत कांहीं तरी आंबट आहे.

हा अर्थ लावणारें पत्र इंग्लंडांतील रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें गेलें तें १६७१ च्या फेब्रुवारींत. लेखक होता जॉन रे. हा एका लोहाराचा मुलगा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत अध्यापक होता. परंतु राजसत्तेनें धर्माच्या बाबतींत मागितलेली कबुली देण्यास त्याचें मन घेईना, म्हणून १६६२ सालीं त्यानें ती जागा सोडली आणि पुढील आयुष्य झाडें, पक्षी, मासे आणि किडे यांची मोजदाद करण्यांत घालविलें. मुंग्यांवरील प्रयोग आपले नव्हेत हें तो प्रथमच सांगून टाकतो. फुलांची गोष्ट त्याला डॉक्टर हल्स यांनीं कळविली आणि रसायनाचा भाग शेफील्डच्या सॅम्युएल फिशर यांचा. दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास देण्याची ही रीत विद्वानांत त्या वेळीं फारशी रूढ नव्हती, आणि आजही ती सार्वत्रिक झाली आहे असें म्हणवत नाहीं.

फिशरनें काय पाहिलें? वारूळ काठीनें ढवळून मुंग्यांस चिडविलें तर त्या काठीवर एक द्रव सोडतात. तो लगेच हुंगला तर नाकांत झिणझिण्या येतात. मुंग्या नुसत्या अथवा पाण्यांत भिजवून भट्टींत घालून ऊर्ध्वपातन केलें, तर शिरक्याच्या अर्कासारखा एक अर्क उतरतो. त्यांत शिसें टाकलें तर शिशाची साखर म्हणून ओळखला जाणारा गोड, विषारी क्षार मिळतो; लोखंड टाकलें तर तुरट द्रव मिळतो. एवढ्या चार ओळींच्या सामग्रींत या अम्लाचा पुढील दीडशें वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. त्यांत एक शोध आहे आणि एक घोटाळाही आहे. शोध हा कीं, प्राण्याच्या शरीरांतून एक अम्ल निघतें. घोटाळा हा कीं, तें शिरक्याच्या अम्लासारखें आहे. ‘सारखें’ आणि ‘तेंच’ यांमधील अंतर तोडावयास रसायनशास्त्राला फार वेळ लागला.

पहिलें पाऊल बर्लिनच्या मार्कग्राफचें. आन्द्रेआस झिगिस्मुंड मार्कग्राफ हा औषधें करणाऱ्याचा मुलगा. बीटच्या मुळांत उसाचीच साखर असते हें त्यानें १७४७ सालीं दाखविलें आणि त्यामुळें तो प्रसिद्ध आहे. त्यानंतर दोन वर्षांनीं त्यानें तांबड्या मुंग्या हातीं घेतल्या. त्यांचें पाण्यासह ऊर्ध्वपातन करून निघालेलें अम्ल त्यानें निरनिराळ्या धातूंवर आणि क्षारांवर घालून पाहिलें, आणि पुष्कळ बाबतींत हें शिरक्यासारखें असलें तरी तें शिरका नव्हे, असा निर्णय दिला. लॅटिन भाषेंत मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. त्यावरून या अम्लाला जें नांव पडलें तें आजतागायत चालू आहे. आपल्याकडेही कोशकारांनीं त्याचें ‘पिपीलिकाम्ल’ असें भाषांतर केलें. शब्द डौलदार आहे. पण प्रयोगशाळेंतल्या बाटलीवर तो मीं कधीं पाहिला नाहीं, आणि या लेखांत मी फॉर्मिक अ‍ॅसिड हेंच नांव वापरणार आहें. नांवाचा हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, हें पुढें दिसेलच.

मार्कग्राफचा निर्णय टिकला असता तर बरें झालें असतें. परंतु १८०२ च्या सुमारास पॅरिसच्या फूर्क्रुआ आणि व्होक्लें या दोन मातबर रसायनवेत्त्यांनीं जाहीर केलें कीं, मुंग्यांचें म्हणून वेगळें अम्ल नाहींच. तें शिरक्याचें अम्ल आणि सफरचंदाचें अम्ल यांचें नुसतें मिश्रण आहे. व्होक्लें हा क्रोमियम धातूचा शोधक. त्याच्या तोंडून निघालेला शब्द सहसा कोणी खोडीत नसे. तरी १८०५ सालीं झ्यूर्सेननें आणि १८१२ सालीं गेलेननें तो खोडला आणि मुंग्यांचें अम्ल स्वतंत्र आहे हें सिद्ध केलें. दोघे जर्मन, आणि दोघांचींही नांवें आज फारशीं कोणाला ठाऊक नाहींत. गेलेन तर त्यानंतर तीनच वर्षांनीं आर्सेनिकच्या विषारी वायूवर काम करीत असतां तो हुंगला जाऊन मरण पावला.

व्होक्लेंसारखा माणूस चुकला याचें कारण त्याचा हलगर्जीपणा नव्हे. तें या द्रव्याच्या स्वभावांतच आहे. शुद्ध फॉर्मिक अ‍ॅसिड हा पाण्यासारखा रंगहीन द्रव आहे. वास उग्र, नाकाला झोंबणारा. तें सुमारें १०१ अंशांवर उकळतें, म्हणजे पाण्याच्या अगदीं शेजारीं, आणि ८ अंशांच्या थोडें वर गोठतें. शेजारचें असलें तरी एकदां पाण्यांत मिसळलें कीं तें उकळून वेगळें काढतां येत नाहीं. सुमारें ७७ भाग अम्ल आणि २३ भाग पाणी असें मिश्रण १०७ अंशांवर, दोघांच्याही उत्कलनबिंदूंच्या वर, जसेंच्या तसें उकळत राहतें. तें कितीही वेळां भट्टींतून काढा, प्रमाण बदलत नाहीं. जुन्या रसायनवेत्त्याचें मुख्य हत्यार म्हणजे भट्टी, आणि नेमकें तेंच येथें बोथट होतें. त्यामुळें निर्मळ अम्ल हातीं न येतां त्याचे क्षार तपासून निवाडा करावा लागे. शिरक्याच्या अम्लाचा तांब्याशीं होणारा क्षार हिरवट, तर याचा निळसर. पण मुंग्यांच्या रसांत इतर घाण पुष्कळ असते, आणि घाणेरड्या क्षाराच्या रंगावर किती भरंवसा ठेवावा?

आज आपल्याला या दोन अम्लांचें नातें स्पष्ट दिसतें. सेंद्रिय अम्लांच्या घराण्यांत फॉर्मिक अ‍ॅसिड हें सर्वांत धाकटें: एक कर्बाणु, दोन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन, संपलें. शिरक्याचें अम्ल त्याच्याहून एका कर्बाणूनें आणि दोन हायड्रोजनांनीं मोठें. परंतु धाकट्याची तीव्रता थोरल्याच्या जवळजवळ दसपट. दुसरें, त्याच्या रचनेंत अम्लाबरोबर अल्डिहाइडचाही एक चेहरा दडलेला आहे. म्हणून तें रुप्याच्या क्षारांतून रुपें मोकळें करून परीक्षानळीच्या कांचेवर आरसा चढवितें. शिरका हें कधीं करीत नाहीं. तिसरें, त्यावर तीव्र गंधकाम्ल ओतलें तर त्यांतील पाणी शोषलें जाऊन कार्बन मोनॉक्साइड वायु बाहेर पडतो. हिंवाळ्यांत बंद खोलींत शेगडी पेटवून झोंपणाऱ्यांचे प्राण जो वायु घेतो तो हाच.

ही शेवटची गोष्ट येनाच्या डोबेराय्नरनें पाहिली. हा प्राध्यापक कवि गटेचा स्नेही होता. १८२२ सालीं त्यानें मुंग्यांच्या वाटेस न जातां चिंचेंत आणि द्राक्षांत असणारें टार्टरिक अम्ल मँगॅनीज डायऑक्साइड आणि गंधकाम्ल यांजबरोबर तापविलें, आणि त्यांतून फॉर्मिक अ‍ॅसिड उतरलें. पुढें १८३१ सालीं पेलूझनें तें प्रुसिक अम्लापासून, म्हणजे ज्याचा एक थेंबही घातक त्या विषापासून मिळविलें. आणि १८५५ सालीं मार्सेलें बर्थेलो यानें डोबेराय्नरचा प्रयोग उलटा फिरविला. अम्लांतून पाणी काढलें तर कार्बन मोनॉक्साइड मिळतो. मग कार्बन मोनॉक्साइडला पाण्याचा अंश परत दिला तर? त्यानें हा वायु कॉस्टिक पोटॅशसह कांचेच्या फुग्यांत कोंडून कित्येक तास १०० अंशांवर ठेवला. वायु हळूहळू शोषला गेला आणि मागें फॉर्मिक अ‍ॅसिडचा क्षार उरला. निर्जीव कोळशाच्या धुरापासून मुंगीचें अम्ल! व्योलरनें १८२८ सालीं युरिया बनविला ही गोष्ट शाळेंतल्या मुलांस ठाऊक असते; परंतु सजीवांचीं द्रव्यें सजीवांवांचून होत नाहींत हा समज एका घावानें पडला नाहीं, आणि तो पाडणाऱ्या घावांत बर्थेलोच्या या फुग्यांचा घाव मोठा होता. शतकाच्या अखेरीस कारखानदारांनीं तीच क्रिया दाबाखालीं, कॉस्टिक सोडा घेऊन सुरू केली. आतां मेथिल अल्कोहोल आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा संयोग करून त्यांतून अम्ल सोडवितात. मुंगीला या धंद्यांतून रजा मिळून दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला.

पण नांव राहिलें, आणि पसरलें. १८३४ सालीं ड्यूमा यानें एका नव्या गोड वासाच्या द्रवाची घटना ठरविली आणि अल्कलीबरोबर त्यापासून फॉर्मिक अ‍ॅसिडचा क्षार होतो हें पाहून त्याला क्लोरोफॉर्म हें नांव दिलें. आयोडोफॉर्म, फॉर्माल्डिहाइड, शवागारांतलें फॉर्मॅलिन हीं सारीं त्याच कुळांतलीं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ज्या पिढ्यांनीं क्लोरोफॉर्म हुंगला त्यांनीं नकळत मुंगीचें नांव घेतलें. उलट आपल्या घरांतल्या टेबलावर चिकटविलेला जो फॉर्मायका, त्याच्या नांवाचा मात्र मुंगीशीं कांहीं संबंध नाहीं. अभ्रकाऐवजीं वापरावयाचें म्हणून ‘फॉर मायका’, असा त्याचा उगम. गंमत अशी कीं त्यांतली राळ बनते फॉर्माल्डिहाइडपासून; तेव्हां नांवांत नसलेली मुंगी पदार्थांत येऊन बसलीच.

येथवर नांव निरुपद्रवी होतें. पुढें तें चुका करवूं लागलें, आणि त्यांपैकीं एका चुकींत प्रस्तुत लेखकाचा वांटा आहे.

मुंगी चावली कीं आग होते. मुंगींत फॉर्मिक अ‍ॅसिड असतें. म्हणून आग अ‍ॅसिडनें होते. हा विचार साधा आहे. तो पुढें मधमाशीकडे सरकला, कारण माशीचें विष लिटमसवर किंचित् अम्ल दिसतें. तेथून खाजऱ्या झाडांकडे गेला. युरोपांतल्या नेटल झाडाच्या केसांत फॉर्मिक अ‍ॅसिड भरलेलें असतें, तें सुईसारखें टोंचलें जातें, हें वाक्य असंख्य पाठ्यपुस्तकांत आहे. आमच्याकडच्या पुस्तकांनीं तें घेतलें आणि त्यापुढें उपायही जोडला: अम्लावर अल्कली, म्हणून मधमाशी चावल्यास चुना किंवा सोडा लावावा. मीं पंचवीस वर्षें उदासिनीकरणाचा धडा याच उदाहरणानें रंगविला. विद्यार्थ्यांना तें आवडे. व्यवहारांतलें उदाहरण म्हणून मलाही आवडे. एका वर्षीं देवगडकडचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, आमच्याकडे गांधील चावली तरी चुना लावतात आणि मधमाशी चावली तरी चुनाच लावतात. गुण दोहोंकडे सारखाच, म्हणजे कांहींच नाहीं. आणि हाताला लिंबू चोळलें तर आग होत नाहीं, ती कां?” वर्गांत हंशा पिकला. मीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा दोन आगपेट्या घेऊन आला. एकींत आंब्याच्या झाडावर पानें जोडून घरटीं करणाऱ्या तांबड्या मुंग्या; दुसरींत साखरेच्या डब्याला लागणाऱ्या बारीक तांबड्या मुंग्या. निळ्या लिटमस कागदावर पहिल्या मुंग्या चिडविल्या, तों कागदावर तांबडे ठिपके उमटले. दुसऱ्या मुंग्यांनीं कागद चावून पाहिला, पण तो निळाच राहिला. आणि ज्यांनीं त्या आगपेटींत भरल्या त्या मुलाच्या बोटांवर फोड होते ते या दुसऱ्या मुंग्यांचे.

त्या रात्रीं मीं पुस्तकें उघडलीं, तीं पंचवीस वर्षांपूर्वीं उघडावयास हवीं होतीं. मुंग्यांचीं कुळें अनेक आहेत, आणि फॉर्मिक अ‍ॅसिड त्यांपैकीं एकाच उपकुळांतल्या मुंग्या तयार करितात. आपला काळा मुंगळा त्यांतला, आंब्यावरची तांबडी मुंगी त्यांतली. यांना नांगी नसते. त्या जबड्यानें चावतात आणि पोटाच्या टोंकांतून जखमेवर अम्लाची पिचकारी मारतात. विषाच्या पिशवींतील द्रवाचा निम्म्याहून अधिक भाग अम्लाचा असूं शकतो. घरांत येणाऱ्या बारीक तांबड्या मुंग्यांचें कूळ निराळें. त्यांच्यांतल्या ज्यांच्या दंशानें आग होऊन फोड येतात त्यांच्या नांगींतलें विष मुख्यतः अल्कलॉइड जातीचें असतें, म्हणजे अम्लाच्या नेमकें उलट स्वभावाचें. मधमाशीच्या विषाचा मुख्य दाहक भाग फॉर्मिक अ‍ॅसिड नव्हे, हें प्रागच्या योसेफ लांगेरनें १८९७ सालींच दाखविलें होतें. तो भाग मेलिटिन नांवाचें प्रथिन होय, हें १९५० नंतरच्या दशकांत कळलें. कातडीच्या आंत शिरलेल्या प्रथिनावर वरून लावलेला चुना काय करणार? नेटलच्या केसांचा निकाल एमेलिन आणि फेल्डबर्ग यांनीं १९४७ सालीं लावला: आग होते ती हिस्टामाइन आणि अ‍ॅसिटिलकोलीन यांनीं. पुढें त्यांत सेरोटोनिनची भर पडली. फॉर्मिक अ‍ॅसिड सांपडतें तें इतकें अल्प कीं त्यानें कांहीं होणार नाहीं. लांगेरच्या शोधाला सव्वाशें वर्षें होऊन गेलीं. तें वाक्य मात्र पाठ्यपुस्तकांतून अजून हललेलें नाहीं. मुलाची मीं वर्गासमोर क्षमा मागितली. तो म्हणाला, “पण सर, परीक्षेंत काय लिहूं?” याचें उत्तर मजपाशीं तेव्हां नव्हतें.

ज्या मुंग्यांत हें अम्ल खरोखर असतें त्या त्याचा उपयोग कसा करितात, ही हकीकत कोणत्याही पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणाहून सरस आहे. आल्प्सच्या रानांतल्या मुंग्या झाडाची राळ घरट्यांत आणतात आणि तिच्यावर आपलें अम्ल सोडतात. दोहोंच्या मिश्रणानें बुरशी एकट्या राळेनें मरेल त्यापेक्षां अधिक मरते. कांहीं मुंग्या खाल्लेल्या अन्नाबरोबरचे जंतु मारण्यासाठीं आपलेंच अम्ल गिळतात, हें २०२० सालीं सिद्ध झालें. अमेरिकेंत दक्षिणेकडून आलेली एक मुंगी तेथल्या जहाल विषाच्या मुंगीशीं लढतांना अंगावर पडलेलें तें विष स्वतःच्या अम्लानें धुऊन काढते, हें १९१४ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१४ सालीं कळलें. पक्षीही मुंग्या चोंचींत धरून पिसांवर घासतात. जर्मन पक्षिवेत्ता श्ट्रेझेमान यानें या वर्तनाला १९३५ सालीं नांव दिलें, आणि लगेच दुसऱ्या वर्षीं आपल्या सलीम अलींनीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत, पक्षी उवा-पिसवा घालविण्यासाठीं हें करितात कीं काय, असा प्रश्न घालून लेख लिहिला. प्रश्न अजून मिटलेला नाहीं. अलीकडच्या प्रयोगांत, मुंगीच्या अंगीं असतें तेवढ्या अम्लानें पिसांवरचे जंतु मरत नाहींत असें आढळलें; अमेरिकेंतल्या निळ्या जे पक्ष्यावरील प्रयोगांवरून असें दिसतें कीं, मुंगी खाण्यापूर्वीं तिचें अम्ल पिसांवर पुसून टाकण्याचीच ही युक्ति असावी. माणसाला मात्र त्या अम्लाचीच गोडी. बस्तरच्या आदिवासींत या तांबड्या मुंग्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि ओडिशांतल्या सिमिलीपालच्या अशाच चटणीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

मधमाशीच्या बाबतींत तर नियतीनें विनोदच केला आहे. जिच्या नांगींत हें अम्ल आहे असें आम्ही खोटेंच सांगत आलों, तिच्या पोळ्यांत आतां माणूस तें मुद्दाम ठेवतो. व्हॅरोआ नांवाची गोचिडीसारखी एक किडी पोळींच्या पोळीं उध्वस्त करिते. बंद केलेल्या घरांत अळीबरोबर ती दडते, आणि तेथवर पोंचून तिला मारणारी जीं थोडीं द्रव्यें आहेत त्यांत फॉर्मिक अ‍ॅसिडची वाफ आहे. मात्रा चुकली तर राणीमाशी दगावते, हें खरें.

उद्योगांतले उपयोग थोडक्यांत सांगतां येतील. कातडें कमावतांना, लोंकर रंगवितांना, आणि थंड देशांत ओला चारा हिंवाळाभर टिकविण्यासाठीं तें लागतें. आपल्या देशांत त्याची ओळख रबराच्या मळ्यांत होते. केरळांत, आणि आतां केरळीय मळेवाल्यांमुळें दोडामार्गच्या डोंगरांतही, पहांटे जमविलेला रबराचा चीक परातींत ओतून त्यांत अगदीं सौम्य केलेलें हें अम्ल घालतात, म्हणजे चीक दह्यासारखा लागतो आणि त्याच्या वड्या लाटतां येतात. बाजारांतून येतें तें अम्ल मात्र तीव्र असतें. तें घरांत पाण्याच्या बाटलींत भरून ठेवणें म्हणजे काय, हें तेथील डॉक्टरांना विचारावें. गळा आणि अन्ननळी जळालेलीं माणसें त्यांनीं पाहिलेलीं आहेत.

परंतु या अम्लानें जीं माणसें सर्वांत अधिक मरतात त्यांच्या कहाणींत त्याचें नांवही येत नाहीं. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईंत मालाडच्या मालवणी वस्तींत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. वर्तमानपत्रांत शब्द होता मेथिल अल्कोहोल, आणि तो बरोबरच होता. दारूंत तेंच होतें. पण मेथिल अल्कोहोल स्वतः फारसें विषारी नाहीं. प्यालेला माणूस प्रथम नुसता झिंगतो, तीही थोडकी. यकृत तें फोडूं लागतें. त्याचें आधीं फॉर्माल्डिहाइड होतें आणि क्षणार्धांत फॉर्मिक अ‍ॅसिड. फॉर्माल्डिहाइडवरच कित्येक वर्षें संशय होता. उंदरांवर प्रयोग करावे तर उंदीर मरत ना आंधळे होत, कारण उंदराचें यकृत फॉलिक अ‍ॅसिडच्या साह्यानें हें अम्ल झपाट्यानें नाहींसें करितें. माणसाचें आणि माकडाचें यकृत त्या कामांत मंद आहे. १९७५ च्या सुमारास अमेरिकेंतील संशोधकांनीं माकडांवर प्रयोग केले तेव्हां खरा अपराधी ठरला: रक्तांत सांचत जाणारें फॉर्मिक अ‍ॅसिड. तें पेशींना प्राणवायु वापरूं देत नाहीं, आणि सर्वांत आधीं मारतें तें डोळ्याच्या मज्जातंतूला. रोगी डॉक्टरला सांगतो कीं, समोर धुकें आहे, कीं बर्फ पडतें आहे. ज्या फॉलिक अ‍ॅसिडच्या मार्गानें हें विष शरीरांतून निघतें, त्याच मार्गानें मुंगी आपल्या पिशवींत तें तयार करिते, हेंही त्याच दशकांत कळलें.

प्यालेल्याला हें सारें कळत नाहीं, कारण मध्यें वेळ जातो. दारू पोटांत गेल्यावर बारा तास, कधीं चोवीस तास, माणूस बरा असतो. साधी दारू तिच्यांत मिसळलेली असेल तर त्याहूनही अधिक वेळ, कारण यकृत साध्या दारूला आधीं हात घालतें आणि मेथिल अल्कोहोल पडून राहतें. उपचारही त्यावरच उभारलेला आहे. रोग्याला शुद्ध एथिल अल्कोहोल मोजून देतात, किंवा फोमेपिझोल नांवाचें औषध देतात, म्हणजे विष तयारच होत नाहीं. झालेलें रक्त धुऊन काढतात, आणि फॉलिक अ‍ॅसिडसारखीं द्रव्यें टोंचतात. ज्याला धुकें दिसूं लागण्यापूर्वीं इस्पितळांत आणलें त्याचे डोळे बहुधा राहतात. मात्र ज्याला कांहींच होत नाहीं असा माणूस आपण होऊन येत नाहीं. त्याच गुत्त्यांत त्याच रात्रीं कोण कोण प्यालें हें विचारीत घरोघर जाऊन त्याला उठवून आणावें लागतें.